भ्रूणहत्या आणि गर्भपात
‘भ्रूण’ हा वैदिक शब्द. धारण करणे या अर्थाच्या ‘भृ’ धातूशी कोशकार तो जोडतात. धर्मसूत्रांत ‘भ्रूणहन्’ घोर पातकी ठरतो. काही टीकाकारांनी मात्र तिथे ‘भ्रूण’ म्हणजे विद्वान ब्राह्मण असा अर्थ लावला आहे.

‘गर्भपात’मधला ‘पात’ पडणे या अर्थाच्या ‘पत्’ धातूचा. सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यापर्यंत गर्भाचा स्राव होतो, पाचव्या-सहाव्यात पात. शब्द आपोआप घडणाऱ्या घटनेचा होता. मुद्दाम केलेली कृतीही पुढे त्यातच सामावली.

१८६०च्या दंडसंहितेने स्त्रीचा जीव वाचवण्यापलीकडे गर्भपात गुन्हा ठरवला. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर गर्भपाताला सशर्त परवानगी देणारा १९७१चा कायदा झाला. त्याच्या इंग्रजी नावात गर्भपाताऐवजी ‘मेडिकल टर्मिनेशन’ म्हणजे वैद्यकीय समाप्ती आहे. २०२१च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी गर्भपाताची मुदत २० वरून २४ आठवडे झाली. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही तो लाभ दिला.

लिंगनिदानाला १९९४च्या कायद्याने बंदी आहे. २०२३मध्ये बेंगळुरू पोलिसांनी लिंगनिदान आणि गर्भपात करणारी टोळी पकडली. मंड्याजवळच्या एका गुऱ्हाळात सोनोग्राफी चाले. अशा गुन्ह्याला कन्नडमध्ये ‘भ्रूणहत्ये’ म्हणतात, मराठीत ‘स्त्रीभ्रूणहत्या’. कायदेशीर वैद्यकीय सेवेला मात्र दोन्ही भाषांत ‘गर्भपात’ हाच शब्द आहे. ‘भ्रूणहत्या’ आणि ‘गर्भपात’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले, की कायद्याने दिलेली सेवाही गुन्हा वाटू लागते.