भंगार धातू व्यापाराचे नियमन

भंगार धातू व्यापाराचे नियमन म्हणजे जुने लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, पितळ इत्यादी धातूंच्या खरेदी-विक्रीवर परवाना, नोंदवही, विक्रेत्याची ओळख आणि पैसे देण्याची पद्धत यांद्वारे ठेवले जाणारे कायदेशीर नियंत्रण होय. चोरीच्या मालाला गिऱ्हाईक मिळू नये, हा त्याचा एक प्रमुख हेतू असतो.

पार्श्वभूमी

चोरलेली तार किंवा लोखंडी पत्रा चोराच्या स्वतःच्या उपयोगाचा क्वचितच असतो; तो वजनावर विकला गेला तरच त्याचे पैसे होतात. तारेचे आवरण जाळल्यावर किंवा धातू वितळवल्यावर मालकाची खूण उरत नाही. त्यामुळे माल ओळखता येण्याचा अखेरचा टप्पा बहुधा भंगार दुकानाचा वजनकाटा हाच असतो.

सांगोला व ग्रामीण महाराष्ट्र

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुका अवर्षणप्रवण असून डाळिंबासाठी प्रसिद्ध आहे. येथील बागायत विहिरी, कूपनलिका, शेततळी आणि माण नदीवरील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे यांच्या आधारे चालते. ग्रामीण महाराष्ट्रात रोहित्रातील (डीपी) तांब्याची तार, विद्युतपंपांच्या केबल आणि बंधाऱ्यांचे लोखंडी बरगे चोरीस जातात. बरगे पावसाळ्यात काढून ठेवतात व पावसाळा सरताना पुन्हा बसवतात. ते नसल्यास पाणी अडत नाही. रोहित्र बंद पडल्यास त्यावरील सर्व पंप थांबतात. म्हणजे चोराला मिळणाऱ्या रकमेपेक्षा शेतकऱ्यांचे नुकसान कितीतरी मोठे असते.

कायदेशीर तरतुदी

भारतात या विषयावरील तरतुदी अनेक कायद्यांत विखुरलेल्या आहेत.

• तारयंत्र तारा (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९५० : विशिष्ट जाडीच्या तांब्याच्या तारा बेकायदेशीरपणे बाळगणे या कायद्याने दंडनीय ठरवले होते; हा कायदा २०२३ मध्ये रद्द करण्यात आला.
• रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ : ताबा कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद. चौकशी रेल्वे सुरक्षा दल करते. कुर्डुवाडी–पंढरपूर–मिरज लोहमार्ग सांगोल्यातून जात असल्याने तेथील रेल्वे साहित्यालाही हा कायदा लागू होतो.
• विद्युत अधिनियम, २००३ : कलम १३६ वीजतारा व साहित्याच्या चोरीसाठी, तर कलम १३७ असा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्यासाठी आहे. पहिल्या गुन्ह्यास ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.
• भारतीय न्याय संहिता, २०२३ : कलम ३१७ चोरीचा माल स्वीकारण्याविषयी आहे. अशा मालाचा सराईतपणे व्यवहार करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.
• वस्तू व सेवा कर : १० ऑक्टोबर २०२४ पासून अनोंदणीकृत विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यावर कर भरण्याची जबाबदारी आली. हेतू करवसुलीचा असला, तरी त्यामुळे खरेदीची नोंद राहते.

जुन्या वाहनांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्राने वाहन चोरीचे नाही याची पडताळणी करणे आवश्यक आहे.

अन्य देश

इंग्लंड व वेल्समध्ये डिसेंबर २०१२ मध्ये भंगार धातूसाठी रोख रक्कम देण्यास बंदी आली. २०१३ च्या कायद्याने स्थानिक परिषदेचा परवाना, विक्रेत्याच्या नाव-पत्त्याची पडताळणी आणि व्यवहाराची नोंद बंधनकारक केली.

मर्यादा

फौजदारी कायद्यात माल चोरीचा असल्याची खरेदीदाराला जाणीव होती किंवा तसे मानण्यास कारण होते, हे सिद्ध करावे लागते. पावती व नोंद नसल्यास ते अवघड जाते. दुसरीकडे, फेरीवाले व कचरावेचक किरकोळ माल रोखीने विकून पोट भरतात. कडक नियमांचा भार त्यांच्यावर पडू शकतो आणि चोरीचा संशयही प्रथम त्यांच्यावरच येतो. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांना महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. ओळख नोंदवण्याची पद्धत कष्टकऱ्याच्या संरक्षणासाठीही वापरता येते, हे त्यातून दिसते.

हे सुद्धा पहा

• सांगोला तालुका
• कोल्हापूर पद्धतीचा बंधारा
• रेल्वे सुरक्षा दल