राणीला ठाऊक होते का?

‘हॅम्लेट’चा विषय निघाला की चर्चा होते ती राजपुत्राच्या चालढकलीची. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला तो इतका वेळ का लावतो? मला मात्र त्याच्या आईचा, राणी गर्ट्रूडचा प्रश्न जास्त छळतो. आपला नवरा दिराच्या हातून मेला, हे तिला ठाऊक होते का?

मूळ कथेत हा प्रश्नच उद्भवत नाही. सॅक्सो ग्रामॅटिकसने इ. स. १२००च्या सुमारास लॅटिनमध्ये डेन लोकांचा इतिहास लिहिला. त्यात फेंगी भावाला उघडउघड मारतो आणि वर सांगतो, वहिनीला जाचातून सोडवण्यासाठी मी हे केले! राजपुत्र अ‍ॅम्लेथ वेडाचे सोंग घेतो, गवताखाली दडलेल्या हेराला मारतो आणि आईला खडसावतो. मग ती त्याच्या बाजूला येते. त्याच्या सांगण्यावरून गाठी मारलेले जाळे विणून दालनात टांगते. वर्षभराने तेच जाळे झिंगलेल्या सरदारांवर पाडून तो दालन पेटवतो.

रंगभूमीवर मात्र खून गुप्त झाला. राजाच्या कानात विष ओतायचे आणि बाहेर सांगायचे, साप चावला. म्हणजे कोणाला काय माहीत, हा प्रश्न आलाच.

आता गंमत पाहा. १६०३ साली छापलेल्या पहिल्या आवृत्तीत राणी मुलाला शपथेवर सांगते की खुनाबद्दल मला काही माहीत नव्हते, आणि सूडात साथ देण्याचे वचनही देते. त्यानंतर १६०४-०५ साली जवळजवळ दुप्पट लांबीची आवृत्ती निघाली. तिच्यात ही शपथ नाही आणि १६२३च्या संग्रहातही नाही. मुलगा खुनाचा आरोप करतो, तेव्हा ती त्याचेच शब्द चकित होऊन उच्चारते, बस्स. पहिली आवृत्ती तर विस्मरणातच गेली होती. १८२३ साली हेन्री बनबरी यांच्या घरातील पुस्तकांत तिची प्रत सापडली. नटांच्या आठवणीतून जुळवलेला हा मजकूर, असे काही अभ्यासक म्हणतात, तर काहींच्या मते तो आधीचा खर्डा. वाद मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर राणीचे मौनच नाटकाला अधिक शोभते. शपथ काढली की नटीला प्रत्येक प्रयोगात निर्णय करावा लागतो. शेवटी राजा नको म्हणत असताना ती विषाचा पेला पिते, ते अजाणता की जाणून?

मराठीत हे नाटक आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली आणले. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या रंगमंचावर गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन गाजवला. पण मला नवल वाटते ते आगरकरांचे. विधवाविवाहाचा कैवार घेणारा हा सुधारक, आणि भाषांतराला निवडले ते असे नाटक, ज्यात विधवा आईने पुन्हा लग्न केले म्हणून मुलगा तिला फाडून खातो! सॅक्सोच्या गेरुथाने निदान जाळे तरी विणले. इथल्या राणीला स्वतःची बाजू मांडणारे एक वाक्यही मिळत नाही.