उन्हाळ्याची सुट्टी कुणी दिली?

मे महिना संपत आला, की अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या घरी एक पत्रक येते. पूर्वी ते दप्तरातून येई, आता बहुधा संगणकावरून येते. वर्षाचा शेवटचा दिवस कोणता, ग्रंथालयाची पुस्तके कधी परत करायची, सुट्टीत काय वाचावे, शिबिरांची नावनोंदणी कुठे, मोफत जेवण कुठे मिळेल, नव्या वर्षाआधी कोणत्या लसी हव्यात आणि शाळा पुन्हा कधी उघडणार, एवढे सगळे त्यात असते. हे पत्रक काढते ते ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. हा आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या सरकारी शाळा चालवणारी ती स्थानिक संस्था असते. बहुतेक ठिकाणी तिचे मंडळ लोक निवडून देतात. अशा सुमारे तेरा हजार संस्था त्या देशात आहेत आणि प्रत्येकीचे वेळापत्रक तिचे स्वतःचे असते.

तेरा हजार मंडळे स्वतंत्रपणे वेळापत्रक ठरवतात, तरी बहुतेक सगळीकडे उन्हाळ्यात दहा-अकरा आठवड्यांची सुट्टी असते. असे का? हा प्रश्न कुणाही अमेरिकन माणसाला विचारला, तर उत्तर बहुधा एकच येते. पूर्वी देश शेतीवर जगत होता, उन्हाळ्यात मुलांची शेतावर गरज असे, म्हणून ही सुट्टी. उत्तर सोपे आहे आणि पटते. ते खरे आहे का, हे आपण तपासून पाहू.

शेतीचे वेळापत्रक कसे असते?

अमेरिकेच्या ईशान्य भागात पेरणी वसंतात होते आणि मुख्य कापणी शरदात. म्हणजे मनुष्यबळाची खरी ओढ एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. जुलै-ऑगस्टमध्ये कामे असतात, पण सगळी पोरे शेतात लागावीत अशी घाई बहुधा नसते. मग शेतीसाठी शाळा बंद ठेवायची, तर ती वसंतात आणि शरदात ठेवायला हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यांतल्या शाळा नेमके हेच करत होत्या. त्यांची दोन सत्रे असत, एक हिवाळी आणि एक उन्हाळी. हिवाळ्यात शेतात काम नसल्याने मोठी मुले शाळेत येत. उन्हाळ्यात लहान मुले आणि मुली येत, आणि त्यांना शिकवायला बहुधा तरुण शिक्षिका असत. सुट्टी असे ती मधल्या पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत. म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा भर उन्हाळ्यात चालू होती!

याचा एक जिवंत पुरावा आजही सापडतो. मेन राज्याच्या उत्तरेला अरूस्टुक नावाचा बटाट्याचा प्रदेश आहे. तिथल्या काही शाळा ऑगस्टमध्येच उघडतात आणि सप्टेंबरच्या सुमारास बटाटे काढण्यासाठी काही आठवडे बंद राहतात. शेतीने ठरवलेली सुट्टी अशी दिसते.

शहरांत काय घडले?

शहरांतल्या शाळांचा प्रकार वेगळा होता. त्या जवळजवळ वर्षभर चालत. १८४२ साली डेट्रॉइटमधल्या शाळांचे वर्ष सुमारे २६० दिवसांचे होते. आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ते सुमारे १८० दिवसांचे आहे. पण शाळा उघडी असणे आणि मुले येणे या दोन निराळ्या गोष्टी होत. हजेरीची सक्ती करणारा पहिला राज्य-कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये केला. सगळ्या राज्यांत असे कायदे व्हायला १९१८ साल उजाडले. तोपर्यंत मुलांना पाठवायचे की नाही, ही घरच्यांची मर्जी. उन्हाळ्यात विटांच्या कोंदट इमारती तापत, पटकीसारख्या साथींची धास्ती असे, आणि ज्यांना परवडे ती कुटुंबे शहर सोडून थंड जागी जात. वर्ग अर्धे रिकामे पडत.

यात वैद्यकाचीही भर पडली. अमेरिया ब्रिघम या डॉक्टरांनी १८३२ मध्ये एक पुस्तक लिहिले. लहान वयात मेंदूवर अभ्यासाचा फार ताण दिला, तर शरीर खंगते आणि मनही बिघडू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. हे ब्रिघम पुढे न्यूयॉर्क राज्याच्या युटिका येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. आज त्यांचे हे मत कुणी मानणार नाही. त्या काळी मात्र ते शास्त्रीय मत होते आणि शाळाचालकांनी ते गंभीरपणे घेतले.

त्याच काळात होरेस मान यांच्यासारखे सुधारक विस्कळीत शाळांना एका शिस्तीत आणू पाहत होते. मान १८३७ ते १८४८ या काळात मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होते. खेड्यातली शाळा वर्षातून फार थोडे दिवस चाले, शहरातली फार जास्त. दोन्हींना एका मापात बसवायचे, तर खेड्याचे दिवस वाढवायचे आणि शहराचे कमी करायचे. कमी करायचे ते कुठून? जिथे हजेरी आधीच गळत होती तिथून, म्हणजे उन्हाळ्यातून. खेड्यांचे उन्हाळी सत्रही सुधारकांना कमी दर्जाचे वाटे, म्हणून तेही मोडीत निघाले. केनेथ गोल्ड या अभ्यासकांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा सगळा इतिहास मांडला आहे.

थोडक्यात, उन्हाळ्याची सुट्टी शेताने दिली नाही. ती दिली तापलेल्या इमारतींनी, सवड असलेल्या कुटुंबांनी, एका वैद्यकीय समजुतीने आणि कारभाराच्या सोयीने.

रिकाम्या जागेत काय उगवले?

पत्रकातल्या बाकीच्या ओळी आता उलगडू लागतात. शाळेने मोकळी केलेली जागा भरून काढायला एकेक गोष्ट पुढे आली. १८६१ मध्ये कनेक्टिकटमधले शिक्षक फ्रेडरिक गन मुलांना घेऊन समुद्रकिनारी गेले आणि तिथे तंबूत राहिले. संघटित उन्हाळी शिबिरांची सुरुवात तिथून धरतात. १८६६ मध्ये बोस्टनमधल्या एका चर्चने सुट्टीची शाळा भरवली. १८९४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या गरिबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तशाच शाळा सुरू केल्या. शहर सोडून जाणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांची मुले रस्त्यावर होती. त्यांच्यासाठी सुतारकाम, शिवण, निसर्गफेऱ्या असा तिथला कार्यक्रम असे. सुट्टी ज्यांच्या सोयीने ठरली ते वेगळे, आणि तिची झळ लागली ते वेगळे.

या सुट्टीने शिक्षकांना मात्र एक मोलाची गोष्ट दिली. १८७३ च्या उन्हाळ्यात लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीज बेटावर शिक्षकांसाठी शाळा भरवली. सुमारे पन्नास शिक्षक-शिक्षिका तिथे जमले. पुस्तकातून नव्हे, तर मासे, खेकडे, समुद्रतारे हातात घेऊन शिकायचे, असा तिचा बाणा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अगासी वारले आणि शाळाही फार दिवस टिकली नाही. पण त्या कल्पनेचा धागा पुढे १८८८ मध्ये वुड्स होल येथे सुरू झालेल्या सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो. आज आपण सुट्टीत जी शिक्षक-प्रशिक्षणे घेतो, त्यांच्यात हा बाणा किती उरला आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

मुले सुट्टीत किती विसरतात?

पत्रकातली वाचनाची यादी येते ती एका काळजीपोटी. सुट्टीत मुले शिकलेले विसरतात, ही ती काळजी. १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. सुट्टीत सरासरी सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतके नुकसान होते, गणितात ते वाचनापेक्षा जास्त असते, आणि वाचनात गरीब घरची मुले मागे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बाल्टिमोर शहरात १९८२ पासून सुमारे आठशे मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. नववीतल्या गरीब आणि सधन मुलांमधल्या तफावतीचा जवळपास दोन तृतीयांश भाग प्राथमिक शाळेच्या वर्षांतल्या सुट्ट्यांमुळे पडलेला असतो, असे त्यावरून कार्ल अलेक्झांडर, डोरिस एंटविसल आणि लिंडा ओल्सन यांनी २००७ मध्ये मांडले.

आकडा धक्कादायक आहे. पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो मापनाचा. पॉल फॉन हिप्पेल यांनी २०१९ मध्ये तो विचारला. बाल्टिमोरची चाचणी मे महिन्यात पहिलीची होती आणि सुट्टीनंतर दुसरीची. म्हणजे सुट्टीच्या आधी एका काट्यावर वजन केले आणि नंतर दुसऱ्या. फरक पडला तो वजनात की काट्यात? शिवाय जुन्या चाचण्यांची गुणपट्टी अशी आखलेली होती, की वरच्या इयत्तांत मुलांमधले अंतर आपोआपच ताणलेले दिसे. नव्या पद्धतीच्या चाचण्या वापरल्या तेव्हा तफावत सुट्टीगणिक वाढताना दिसेना. तिचा बराचसा भाग मूल शाळेत पाऊल ठेवते त्याआधीच तयार झालेला होता.

मग हाती काय राहिले? एक गोष्ट राहिली आणि ती महत्त्वाची आहे. घर कसेही असो, जवळजवळ सगळी मुले सुट्टीत शाळेच्या दिवसांपेक्षा फार हळू शिकतात. शाळा काहीतरी करते, हे त्यावरून कळते. पण ‘गरीब मुले सुट्टीत सगळे विसरतात’ हे वाक्य पूर्वीइतक्या खात्रीने म्हणता येत नाही.

उष्णतेबाबतही असाच अभ्यास झाला आहे. जोशुआ गुडमन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांचे गुण तपासले. वातानुकूलन नसलेल्या शाळांत वर्षाचे तापमान एक अंश फॅरनहाइटने जास्त असेल, तर त्या वर्षीचे शिकणे सुमारे एक टक्क्याने कमी होते, असे त्यांना आढळले. वातानुकूलन असेल तिथे हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. एकोणिसाव्या शतकातल्या शाळाचालकांचा मेंदूच्या ताणाबद्दलचा समज चुकला, पण तापलेल्या वर्गाबद्दलचा अनुभव खोटा नव्हता.

जेवणाची ओळ

पत्रकातली सर्वांत छोटी ओळ मोफत जेवणाची. अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा १९४६ चा आहे. शाळा बंद झाली की ते जेवणही बंद. म्हणून १९६८ मध्ये सुट्टीतल्या जेवणाचा उपक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. पण मूल केंद्रापर्यंत पोहोचणार कसे? २०२४ पासून, ज्या राज्यांनी योजना स्वीकारली तिथे, पात्र मुलामागे उन्हाळ्यासाठी १२० डॉलर किराण्यासाठी दिले जाऊ लागले.

ही ओळ आपल्याला परकी नाही. २० एप्रिल २००४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की दुष्काळग्रस्त भागांत मध्यान्ह भोजन उन्हाळ्याच्या सुट्टीतही द्यावे. वेळापत्रक कागदावर सुट्टी देते, भूक सुट्टी घेत नाही.

आपल्या शाळेचे हजेरीपट

आपली मे महिन्याची सुट्टीही शेतीची नाही. मृगाचा पाऊस पडून पेरणीची धांदल सुरू होते, तेव्हाच आपल्या शाळा उघडतात. विदर्भात त्या आणखी उशिरा उघडतात, तेही उन्हामुळे. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो तो उन्हाळा लागेपर्यंत चालतो. म्हणजे नेमके दुसरे सत्र. त्या मुलांचे वर्ष आणि शाळेचे वर्ष यांची गाठच पडत नाही.

आमची शिक्षकांना एक सूचना आहे. आपल्यापैकी अनेकांच्या शाळा पन्नास, शंभर वर्षांच्या आहेत. त्यांची जुनी हजेरीपत्रके, शेरेबुके कपाटात असतील. सातवी-आठवीच्या मुलांबरोबर ती काढावीत. दर दहा वर्षांमागे एक वर्ष निवडावे आणि महिन्यावार हजेरीचा आलेख काढावा. कोणत्या महिन्यात हजेरी गळते? मुलांची आणि मुलींची गळती वेगवेगळ्या वेळी होते का? सुट्टीच्या तारखा कधी बदलल्या? कारण काय असावे? आलेखावरून पटकन निष्कर्ष काढू नये. आधी गावातल्या वृद्धांना विचारावे आणि पर्जन्यमानाचे आकडे मिळाले तर तेही पाहावेत.

एवढे केले तरी मुलांना इतिहासाची साधने हाताळता येतील, आलेख वाचता येतील, आणि एक प्रश्न विचारण्याची सवय लागेल. शाळेचे वेळापत्रक कुणाच्या सोयीने आखले गेले, आणि ज्या मुलांची सोय त्यात धरली नाही, ती कोणती?