आजीचे मत आणि नातीचे मत

नव्या पिढीला राजकारणाचे गम्य नाही, अशी तक्रार वडीलधाऱ्या भगिनींच्या तोंडून वारंवार ऐकू येते. जुन्यांनी जातपात व ओळखपाळख पाहूनच मते दिली, असे मुली उलट म्हणतात. या वादाचा निवाडा करण्यापूर्वी हा हक्क आपल्या हाती कसा आला, हे दोघींनीही पाहणे इष्ट होय.

१९१७ साली सरोजिनी नायडू यांच्यासह स्त्रियांचे शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले व त्याने मताधिकार मागितला. १९१९ च्या कायद्याने तो प्रश्न प्रांतिक विधिमंडळांवर सोपविला. मुंबई इलाख्यात १९२१ साली स्त्रियांना मत मिळाले खरे. पण मालमत्तेच्या अटीमुळे ते थोड्याच घरांत पोचले. १९३५ च्या कायद्याने संख्या वाढली, तरी शिक्षणाच्या किंवा पतीच्या ऐपतीच्या अटी राहिल्याच. मोलमजुरी करणाऱ्या बाईला मत दिले ते स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने. वयाची अट तेवढी २१ वर्षांची होती.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदार सतरा कोटींवर. बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी व तिच्यावर त्याचे चिन्ह, अशी सोय केली होती. परंतु खरी अडचण त्याआधीच, याद्या करताना आली. उत्तरेकडील अनेक प्रांतांत बायका परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली, की नावावाचून नोंद नाही. सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गेली. हा निर्णय कठोर होता. पण बाईला स्वतःचे नाव आहे, हे सरकारदरबारी त्यामुळेच ठसले.

पुढे एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून वयाची अट १८ वर आली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक झाले. २०२४ साली १८-१९ वर्षांचे सुमारे १ कोटी ८० लक्ष मतदार यादीत होते.

मग अधिक जागृत कोण? जुन्या पिढीचे शिक्षण प्रभातफेरीत, सभेत व संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात झाले; तिला बातमी उशिरा कळे, पण मतदानाचा दिवस ती सणासारखा पाळी. नवीला बातमी तत्काळ कळते, प्रश्नही ती निर्भयपणे विचारते. मात्र मत मांडणे म्हणजेच मत देणे, असा तिचा समज होऊ पाहतो. एकीजवळ निष्ठा, दुसरीजवळ चिकित्सा. दोन्ही गुण एका घरात नांदले पाहिजेत.

आणि एक सावधगिरी हवी. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव पुष्कळदा माहेरच्या यादीतच राहते. तेथे जाणे होत नाही, येथे नाव नाही; म्हणजे मत बुडालेच. १९५१ साली लाजेने जे झाले, ते आज हयगयीने होऊ नये. हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक सुनेला व अठरा वर्षे पुरी झालेल्या लेकीला ‘यादीत तुझे नाव आहे ना?’ एवढे आपण विचारले, तरी मंडळाच्या हातून मोठे कार्य घडेल.