निरीक्षकाचा शेरा : शाळा स्त्रियांच्या हाती का राहत नसे?

१/९
सप्टेंबर १८८२. पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे २४ वर्षांच्या एका विधवेने साक्ष दिली. त्या होत्या पंडिता रमाबाई. पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन होऊन वर्षही उलटले नव्हते आणि पदरी लहानगी मनोरमा होती. त्यांची साक्ष मराठीत झाली. मुलींच्या शाळांची सूत्रे स्त्रियांच्या हातून कशी निसटतात, याचे नेमके उत्तर त्या साक्षीत सापडते.

२/९
तोवर सुरुवात होऊन गेली होती. १८४८ मध्ये भिडेवाड्यात सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या. १८७० मध्ये पुण्यात शिक्षिकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. म्हणजे स्त्रिया वर्गात पोहोचल्या होत्या. शाळेविषयीचा अंतिम निर्णय मात्र वर्गाबाहेर होत असे.

३/९
तो निर्णय ज्याच्या अहवालावर ठरे, तो निरीक्षक पुरुष असे. रमाबाईंनी बोट ठेवले ते नेमके इथे. परका पुरुष शाळेत येताच मुली आणि शिक्षिका बुजतात, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, असे त्यांनी सांगितले.

४/९
पुढची साखळी त्यांनी अशी मांडली : निरीक्षक हे मौन पाहून शाळेविषयी व शिक्षिकेविषयी प्रतिकूल अहवाल लिहिणार. तो वाचून सरकार तिथे बहुधा पुरुष शिक्षक नेमणार. परिणामी, स्त्रीकडून शिकण्याचा लाभ त्या शाळेला मिळणारच नाही.

५/९
यात स्त्रियांना मज्जाव करणाऱ्या नियमाची गरजच नव्हती. पडद्याच्या संस्कारातून आलेला संकोच कागदावर ‘अपात्रता’ म्हणून नोंदला जाई. जी शिक्षिका म्हणूनच टिकली नाही, तिच्या वाट्याला शाळेचे प्रमुखपद कोठून येणार?

६/९
रमाबाईंचे आणखी एक कारण अधिक बोचरे होते. शंभरांतील नव्व्याण्णव सुशिक्षित पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, असे त्या म्हणाल्या. शिक्षिकेची लहानशी चूक दिसली, तरी हे लोक राईचा पर्वत करतात आणि तिचे चारित्र्यच डागाळू पाहतात. चूक पुरुषाकडून झाली तर नोकरीपुरती राही; स्त्रीच्या बाबतीत तिच्या अब्रूवर येई.

७/९
उपायही त्यांनी सुचवले. मुलींच्या शाळांवर स्त्री-निरीक्षक नेमाव्यात. त्या तीस वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या आणि उच्चशिक्षित असाव्यात, मग त्या एतद्देशीय असोत वा युरोपीय. शिक्षिकांना पुरुषांपेक्षा अधिक वेतन द्यावे. त्यांच्या राहण्याची सोय शाळेच्या आवारातच करावी. ही मागणी दयेची नव्हती. अडथळा कुठे आहे, हे ओळखून केलेली होती.

८/९
स्त्री-निरीक्षकांची शिफारस आयोगाच्या अहवालातही आली. तरीही शिडीच्या मधल्या पायऱ्या एका रात्रीत तयार होणार नव्हत्या. १८८४ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजेच हुजूरपागा, सुरू झाले. त्याच्या प्रमुखपदी आल्या मिस हरफर्ड. खुर्ची स्त्रीला मिळाली, पण एतद्देशीय स्त्रीला नव्हे. कलकत्ता विद्यापीठाने आपल्या पहिल्या दोन स्त्री-पदवीधरांना पदवी दिली, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्यांपैकी चंद्रमुखी बसू पुढे बेथून कॉलेजच्या प्रमुख झाल्या. शिक्षणाची पायरी मिळताच वरची वाट मोकळी होऊ लागली, ती अशी.

९/९
११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि त्याची सूत्रे स्वतःकडे ठेवली. पहिल्या मुख्याध्यापिका कोण, हे आपण आवर्जून पाठ करतो. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा : त्यांच्या कामावर शेरा लिहिण्याचा अधिकार कोणाकडे होता? १८८२ मध्ये रमाबाईंनी आयोगापुढे मांडला तो हाच प्रश्न.