कोपरापासून नमस्कार ते हिरवा कंदील: इंग्रजी वाक्प्रचार मराठीत कसे उतरले?

१/
दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले कोपर स्थानक. गाडी उशिरा धावत असल्याची घोषणा होते आणि शेवटी ठरलेले वाक्य येते: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. 'गैर' अरबी, 'सोय' मराठी, 'दिलगीर' फारसी, आणि वाक्याचा एकूण साचा इंग्रजी सरकारी पत्राचा. फलाटावरच्या कोणालाही हे वाक्य परके वाटत नाही. ते परके का वाटत नाही, याला जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

२/
प्रथम कोपर हा शब्दच घेऊ. गावाच्या नावाचा शरीराच्या अवयवाशी संबंध जोडण्याचे कारण नाही, पण योगायोग उपयोगी आहे. नको असलेल्या माणसाला मराठी माणूस 'कोपरापासून नमस्कार' करतो. थट्टेत टोचून बोलणे म्हणजे 'कोपरखळी'. कोणाच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेऊ नये, हे सांगताना 'मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये' असे म्हणतात. इंग्रजीतील कोपर निराळ्या कामाचे. तेथे 'एल्बो रूम' म्हणजे हालचालीपुरती मोकळी जागा आणि 'एल्बो ग्रीस' म्हणजे अंगमेहनत. (सकाळच्या लोकलमध्ये या दोहोंपैकी पहिली गोष्ट कोणी मागू नये.) अवयव एकच असला तरी दोन समाजांनी त्याला दोन वेगळ्या कामांना जुंपले. अशा ठिकाणी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणारा हमखास फसतो.

३/
ही अडचण मराठीत रोजची झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. संपादक अवघ्या विशीतला होता. आज आपण सहज वापरतो ते सार्वजनिक विषयांवरचे मराठी गद्य तेव्हा घडतच होते. विरामचिन्हांची पद्धतसुद्धा पुरती रुळलेली नव्हती. त्यामुळे इंग्रजी वाक्य मराठीत आणताना भाषांतरकाराला अनेकदा वाक्याची चौकटच नव्याने उभारावी लागे.

४/
त्याच्या एकच वर्ष आधी, १८३१ मध्ये, जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला होता. मोल्सवर्थ हे कंपनी सरकारच्या सैन्यातील अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे बंधू त्यांचे सहकारी, आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी शास्त्री हे या साऱ्या कामाचे खरे आधारस्तंभ. शास्त्रीमंडळींचा मराठी-मराठी कोश १८२९ मध्येच छापला गेला होता. मराठीकडून इंग्रजीकडे जाण्याचा रस्ता असा तयार झाला. उलट दिशेचा कोश अधिक अवघड निघाला. मोल्सवर्थ यांनी तो आरंभला, पण प्रकृती ढासळल्याने ते १८३६ मध्ये मायदेशी परतले. थॉमस कँडी यांनी काम पुरे केले आणि इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये बाहेर आला.

५/
तो अवघड का, हे एका छोट्या क्रियापदावरून कळते. इंग्रजी 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे दिवा विझवणे, 'पुट ऑन' म्हणजे कपडा अंगात घालणे, 'पुट डाउन' म्हणजे बंड मोडून काढणे, आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. मराठीत यांतल्या एकाही ठिकाणी 'ठेवणे' चालत नाही.

मात्र मराठी येथे दुबळी आहे असे समजणे ही मोठीच चूक ठरेल. इंग्रजी जे काम क्रियापदामागे लहानसा शब्द जोडून करते, ते मराठी दुसरे क्रियापद जोडून करते. 'सोडणे' आणि 'सोडून देणे' यांत फरक आहे. 'बोलणे' वेगळे आणि नको ते 'बोलून बसणे' वेगळे. 'काय करून ठेवलेस!' यातील 'ठेवणे' कोणतीही वस्तू ठेवत नाही, तर झालेल्या नुकसानीकडे बोट दाखवते. 'उरकून टाकणे', 'निभावून नेणे', 'चालवून घेणे' या प्रत्येकात दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून बोलणाऱ्याची वृत्ती सांगते. 'पाहून घेईन' हे वाक्य तर सुरावर अवलंबून आश्वासनही होते आणि धमकीही. 'पुट अप विथ' साठी 'चालवून घेणे' सापडले की भाषांतर संपते, पण ते सापडायला कोशापेक्षा कान लागतो. इंग्रजी शिकताना अशी क्रियापदे पाठ करून थकलेल्या मराठी मुलाला, आपण स्वतः दिवसभर तेच करत असतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

६/
विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा इंग्रजी वळणाची मराठी हा त्यांच्या टीकेचा आवडता विषय होता. 'भाषांतर' आणि 'भाषादूषण' या विषयांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिले. पण गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या ऐटदार, पल्लेदार वाक्यांवर जॉन्सन आणि मेकॉले यांची छाया स्पष्ट आहे. जॉन्सनच्या 'रासेलस' चे वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनीच पुरे केले होते. दारावर पहारा ठेवणाऱ्याच्या अंगावरच परदेशी कापड होते. हा दोष मानावा, की नव्या गद्याच्या घडणीतला अटळ टप्पा? दुसरे उत्तर अधिक न्याय्य वाटते.

७/
असे पूर्वीही घडले होते. 'हवा खाणे' हा शुद्ध मराठी वाटणारा प्रयोग फारसीतील तशाच प्रयोगाचे भाषांतर आहे. 'गम खाणे' मध्ये अर्धेच भाषांतर झाले आणि 'गम' तसाच राहिला. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील फारसी शब्दांची मोजदाद केली. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवून 'दिनांक', 'महापौर' असे शब्द रूढ केले. शब्द मोजता येतो, पकडता येतो, बदलताही येतो. भाषांतरित वाक्प्रचाराचे मात्र सगळे शब्द देशी असतात, त्यामुळे तो कोणाच्याही नजरेत न भरता आत शिरतो.

८/
'नक्राश्रू' पाहा. मगर भक्ष्य खाताना रडते, ही मध्ययुगीन युरोपातील प्रवासवर्णनांनी पसरवलेली समजूत. आपल्या पंचतंत्रातला मगर कपटी आहे आणि गजेंद्रमोक्षातला नक्र हत्तीचा पाय सोडत नाही, पण रडत दोघेही नाहीत. संस्कृत समासाचा पोशाख चढवल्यामुळे हा पाहुणा थेट प्राचीन वाटू लागला. 'सुवर्णमध्य' ची गोष्टही तशीच. तो मूळचा लॅटिन.

'पांढरा हत्ती' तर त्याहून मजेदार. आपल्याकडे शुभ्र हत्ती म्हणजे इंद्राचा ऐरावत, आणि दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण. इंग्रजांनी सयामच्या राजाची आख्यायिका उचलली: नको असलेल्या दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट द्यायचा आणि तो पोसता पोसता त्याचे दिवाळे निघायचे. ती म्हण इंग्रजीमार्गे मराठीत आली आणि वैभवाचा प्राणी तोट्यातल्या सरकारी प्रकल्पाचे नाव होऊन बसला.

'बळीचा बकरा' मध्ये अर्थच फिरला. इंग्रजीतील 'स्केपगोट' हा शब्द विल्यम टिंडेल याने १५३० मध्ये बायबलच्या भाषांतरासाठी घडवला. मूळ विधीत बोकड दोन असतात. एकाचा बळी दिला जातो, आणि दुसऱ्यावर लोकांची पापे लादून त्याला रानात सोडून देतात. 'स्केपगोट' म्हणजे हा दुसरा, जिवंत सुटलेला. मराठीत याच शब्दासाठी 'बळीचा बकरा' रूढ झाला, कारण जत्रेतला बकरा येथे सर्वांच्या ओळखीचा होता. परिणामी, मूळ कथेत सुटलेला बोकड मराठीत कापला गेला!

९/
आता पुन्हा रुळांकडे. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत आली, म्हणजे आजच्या कोपरच्या भूमीवरून गेली. त्या लोहमार्गाने भाषेलाही सामान पुरवले. बिघडलेला संसार 'रुळावर येतो', चर्चा 'रुळावरून घसरते', आणि कोणत्याही योजनेला मंजुरी मिळाली की तिला 'हिरवा कंदील' मिळतो.

पण ब्रिटनमधील आरंभीच्या रेल्वेत हिरवा दिवा म्हणजे परवानगी नव्हे. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावकाश, आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा. यात दोन संकटे होती. रस्त्यावरचा साधा दिवाही पांढराच दिसे, आणि लाल काच फुटली तर मागची पांढरी ज्योत 'खुशाल या' असे सांगे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे हिरव्याला 'मार्ग मोकळा' हा अर्थ देण्यात आला. इंग्रजीत 'ग्रीन लाइट' हा वाक्प्रचार म्हणून विसाव्या शतकातच स्थिरावला. मराठीने तो घेताना 'हिरवा प्रकाश' असे कोरडे भाषांतर केले नाही. तिने गार्डाच्या हातातला कंदील उचलला. कंदील हा शब्दही अरबी-फारसीतून आलेला, त्याचे मूळ लॅटिन 'कँडेला' पर्यंत जाते. शब्दाला शब्द न ठेवता डोळ्यांसमोरची वस्तू ठेवल्याने हे भाषांतर टिकले.

१०/
कधी कधी परका आणि देशी असे दोन्ही प्रयोग शेजारी नांदतात. इंग्रज सरकारी कागद लाल फितीने बांधत, म्हणून 'लालफितीचा कारभार'. पेशव्यांचे दफ्तर मात्र फितीत नव्हे, कापडी रुमालांत बांधलेले असे, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही ते हजारो रुमालांच्या रूपात आहे. आपल्याकडे दिरंगाई नव्हती असे नाही, फक्त फीत नव्हती. मराठीने 'दफ्तरदिरंगाई' असा ठसठशीत शब्दही वापरात ठेवला. सरकारी कामातील विलंबाला आळा घालणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा बोलीत याच नावाने ओळखला जातो.

११/
आज अनेकांच्या तोंडी 'दिवसाच्या शेवटी महत्त्वाचे काय?' असे वाक्य येते. इंग्रजीत त्याचा अर्थ 'सरतेशेवटी', पण मराठीत दिवसाच्या शेवटी फक्त संध्याकाळ होते. 'तू माझा दिवस बनवलास' हेही असेच. त्यात कंदिलासारखी दिसणारी वस्तू नाही, 'चालवून घेणे' सारखा कानही नाही. 'सरतेशेवटी' आणि 'जीव सुखावला' हे प्रयोग तोवर घरातल्या वृद्धांपुरते उरत चालले आहेत.

१२/
कोपर स्थानकात हल्ली सिग्नलचे दिवे विजेवर चालतात. मराठी वर्तमानपत्रांत मात्र प्रत्येक नव्या पुलाला, मेट्रोला आणि जादा लोकलला अजूनही कंदीलच दाखवला जातो.