डहाणू-तलासरीत वसंतात घोंघावणारा तो मोठा काळा भुंगा नेमका कोण आहे?

फेब्रुवारी संपत आला की डहाणू, घोलवड, बोर्डी आणि तिकडे आत तलासरीपर्यंत झाडांवर फुलांची रांग लागते. शेवगा फुललेला असतो, रस्त्याकडेच्या गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी होतात, मग करंज येतो आणि एप्रिल-मेमध्ये बहावा आणि तामण. याच दिवसांत अंगठ्याच्या पेराएवढा एक काळा कुळकुळीत कीटक मोठा आवाज करत कानाजवळून जातो. उन्हात त्याचे पंख निळे-जांभळे-हिरवे चमकतात. कुणी दचकून मागे सरकतं, कुणी चप्पल उचलतं, तर कुणी मोबाईल काढून व्हिडिओ करतं आणि खाली लिहितं, 'बंबल बी'.

तो बंबल बी नाही. आणि त्याला मारण्याचंही काही कारण नाही.

बंबल बी नाही, तर मग कोण?

बंबल बी म्हणजे थंड प्रदेशातली केसाळ, गुबगुबीत माशी. भारतात ती हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आढळते. महाराष्ट्रात, कोकणात किंवा पालघरच्या किनाऱ्यावर ती मुळीच राहत नाही. अंगभर लोकर असलेल्या या प्राण्याला आपला एप्रिल झेपणारच नाही. इन्स्टाग्रामवर युरोपातले व्हिडिओ फिरत असतात की, वसंतात दिसलेली मोठी बंबल बी ही राणी असते, ती दमलेली असते, तिला साखरपाणी द्या. तिकडे वसंतात दिसणारी मोठी माशी राणी असते हे खरं आहे. आपल्याकडच्या काळ्या भुंग्याला मात्र राणीही नसते आणि पोळंही नसतं.

आपल्याकडे दिसते ती सुतार माशी, इंग्रजीत कार्पेंटर बी. शास्त्रीय नाव झायलोकोपा, म्हणजे ग्रीक भाषेत 'लाकूड कापणारी'. जगात तिच्या सुमारे 500 जाती आहेत. मोठ्या जातींची लांबी तीन सेंटिमीटरच्या पुढे जाते. मधमाशीच्याच कुळातली ही भारतातली सगळ्यांत थोराड मंडळी. काही जाती पूर्ण काळ्या असतात. एका जातीच्या मादीची छाती पिवळीधमक आणि पोट काळं असतं, तर तिचा नर सबंध हिरवट-पिवळा असतो. नर-मादी इतके वेगळे दिसतात की बघणाऱ्याला त्या दोन निराळ्या जातीच वाटतात.

बंबल बीपासून तिला ओळखायची सोपी खूण म्हणजे पोट. बंबल बीचं पोट केसाळ असतं. सुतार माशीचं पोट बहुतेक उघडं, पॉलिश केल्यासारखं चकचकीत असतं.

घोळ 'भुंगा' या शब्दाचा आहे

मराठीत आपण या माशीला भुंगा म्हणतो. अडचण अशी की भुंगा हा शब्द आपण आणखी बऱ्याच कीटकांना वापरतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही नारळ बागायतदाराला विचारा. त्याच्या लेखी भुंगा म्हणजे शत्रू. गेंड्या भुंगा नारळाच्या शेंड्यात घुसून कोवळा कोंब कुरतडतो आणि मग नवीन झावळ्या पंख्यासारख्या कातरलेल्या निघतात. सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि झाड मरेपर्यंत बाहेरून फारसं काही कळतही नाही. हे दोघं खरोखरच नुकसान करणारे आहेत. पण ते माशा नाहीत, कठीण कवचाचे भुंगेरे आहेत.

फुलांवरचा भुंगा आणि नारळावरचा भुंगा यांचं नातं गाय आणि घोरपड यांच्या नात्याइतकंच दूरचं आहे. तरी नाव एक असल्यामुळे एकाची शिक्षा दुसऱ्याला होते. 'भुंगा दिसला, मार' हे वाक्य बागेत गेंड्या भुंग्यासाठी बरोबर आहे. तेच वाक्य शेवग्याच्या झाडाखाली म्हटलं तर आपणच आपल्या शेंगा कमी करून घेतो.

फरक ओळखायला भिंग लागत नाही. भुंगेरा बसला की त्याचे पंख दिसत नाहीत, पाठीवर दोन कडक झाकणं असतात आणि उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. माशीचे पातळ चमकदार पंख बसल्यावरही उघडे दिसतात. गेंड्या भुंगा फुलावर येत नाही, तो रात्री दिव्याभोवती धडपडतो. माशी दिवसा फुलाफुलावर फिरते आणि तिच्या अंगावर बऱ्याचदा परागकणांची पिवळी पूड असते.

तो चावतो का?

थोडक्यात सांगायचं तर नर चावूच शकत नाही आणि मादी सहसा चावत नाही.

कीटकाचा डंख म्हणजे मुळात अंडी घालायच्या अवयवाचं बदललेलं रूप. त्यामुळे तो फक्त मादीकडे असतो. गंमत म्हणजे आपल्याला घाबरवतो तो नर. एखाद्या झाडाभोवतीची किंवा अंगणाच्या कोपऱ्यातली जागा तो आपली मानतो, हवेत एका जागी हेलिकॉप्टरसारखा थांबतो आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या मागे धावतो. दुसरा नर असो, फुलपाखरू असो, फेकलेला खडा असो की तुमचं डोकं. आवाज प्रचंड, हत्यार शून्य. मादी मात्र कामात गर्क असते. ती डंख मारते तो हातात पकडली किंवा कपड्यात अडकली तर.

मादीचा डंख दुखतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या मधमाशीसारखा काटा ती कातडीत सोडून जात नाही. जागा साबणाने धुवावी आणि बर्फ लावावा. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना गाठावा. हे कुठल्याही माशीच्या डंखाला लागू आहे.

जिथे खरी भीती बाळगावी ते आग्या मोहोळ. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला किंवा इमारतीच्या सज्जाला लटकणारं मोठं उघडं पोळं दिसलं तर त्याखाली धूर, फटाके, दगडफेक काहीही करू नये. आग्या माश्या थव्याने हल्ला करतात. सुतार माशी थव्याने राहतच नाही.

लाकडातलं घर

सुतार माशीची मादी आपल्या जबड्याने सुकं लाकूड किंवा बांबू कोरते. वाळलेली फांदी, कुंपणाचा जुना खांब, छपराचं वासं, काहीही चालतं. तलासरीच्या पाड्यांवर जिथे घराला लाकूड, बांबू आणि कारवीच्या भिंती असतात तिथे हे भोक हमखास बघायला मिळेल. कंपासने आखल्यासारखं गोल, बोट जाईल एवढं, आणि त्याखाली जमिनीवर ताज्या भुशाचा छोटा ढीग. शांत दुपारी कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाजही येतो.

ती लाकूड खात नाही, वाळवीशी तिचा काही संबंध नाही. भुसा ती बाहेर टाकते, थोडा आत वापरते. बोगद्याच्या टोकाला पराग आणि मकरंद मळून एक लाडू करते, त्यावर एकच अंडं घालते आणि भुशाची भिंत बांधून खोली बंद करते. मग पुढची खोली, पुढचा लाडू. हे अंडं आकाराने कीटकांच्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या अंड्यांपैकी एक असतं, आणि अशी अंडी ती फार थोडी घालते. एका पोळ्यात हजारो माश्या असणाऱ्या मधमाशीचा हिशोब वेगळा. इथे एक मादी मारली म्हणजे एक अख्खं घर बसलं. पिल्लं मोठी होऊन बाहेर पडण्याजोगी झाली तरी काही काळ त्याच बोगद्यात आईजवळ राहतात.

आपल्या काही जातींच्या मादीच्या पोटावर एक छोटी खोबण असते आणि तिच्यात बारीक कोळी-किडे राहतात. निसर्गाने त्यांच्यासाठी चक्क खिसा शिवून दिलाय.

भुंगा लाकूड पोखरतो हे आपल्याकडे नवीन ज्ञान नाही. इ.स. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, अर्जुन मोहात कसा सापडला हे सांगताना भ्रमराचा दृष्टांत येतो. वाळलेलं लाकूड सहज भेदणारा हा जीव कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा त्याचा आशय. कवितेतला भ्रमर बहुतेक वेळा नुसता कमळावर गुणगुणत असतो. इथला भ्रमर लाकूड कोरतो, म्हणजे तो सुतार माशीच असणार, असं मला वाटतं.

त्याच्या गुणगुणण्याचा आपल्याला फायदा काय?

वांगी आणि टोमॅटोच्या फुलात पराग उघड्यावर नसतो. तो नळीसारख्या परागकोशात बंद असतो आणि टोकाच्या बारीक भोकातून किंवा चिरेतून बाहेर येतो. मिठाची डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसंच हे. सुतार माशी फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि पराग तिच्या पोटावर सांडतो. आपण ऐकतो तो आवाज अशा वेळी अचानक उंच पट्टीत जातो. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. युरोपातल्या हरितगृहांत टोमॅटोसाठी 1980 च्या दशकाच्या शेवटापासून बंबल बीच्या पेट्या विकत आणून ठेवतात. आपल्याकडे हेच काम परसातली सुतार माशी फुकट करते.

शेवग्याच्या बाबतीत तर ती मुख्य कामगार आहे. विशाखापट्टणमला झालेल्या अभ्यासात शेवग्याच्या फुलांचं परागीभवन प्रामुख्याने सुतार माश्यांकडून होतं, असं दिसलं होतं. रुईचा पराग पुडीसारखा चिकटून असतो, तो उचलून नेण्याची ताकद लहान कीटकांत नसते. मारुतीला शनिवारी जिच्या पानांची माळ घालतो त्या रुईची फळं धरतात ती बऱ्याच अंशी हिच्यामुळे. बहावा, करंज, कृष्णकमळ आणि आपलं राज्यफूल तामण यांच्यावरही ती दिसते.

पण उगाच सगळं श्रेय तिला द्यायलाही नको. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा 'भुंगा वाचवा, चिकू वाचवा' असा मेसेज कुणी बनवला तर तो चुकीचा ठरेल. चिकूचं फूल लहान असतं आणि त्याचं काम प्रामुख्याने बारीक फुलकिडे करतात. शिवाय भुंगा कधीकधी चोरीही करतो. लांब नळीच्या फुलात तोंड पोचलं नाही तर बुडाशी चीर पाडून मकरंद पितो आणि परागाला शिवतही नाही.

रात्रपाळीचे भुंगे

पुणे जिल्ह्यातल्या भीमाशंकरच्या जंगलात वारस नावाचं झाड आहे. हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी 2001 मध्ये दाखवलं की त्याचं परागीभवन सुतार माशी रात्री करते. त्याच जंगलात पुढे स्वीडनच्या शास्त्रज्ञांबरोबर केलेलं काम 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथली एक जात अमावास्येच्या अंधारातही उडते आणि नुसत्या चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखते. आपल्याला त्या उजेडात सगळं करडं दिसतं. माशांमध्ये ही क्षमता अत्यंत दुर्मीळ आहे आणि ती महाराष्ट्रातल्या भुंग्यात सापडली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

त्याऐवजी फिरत राहतो तो दुसरा मेसेज. 'विज्ञानानुसार भुंगा उडूच शकत नाही, पण हे त्याला माहीत नसल्यामुळे तो उडतो.' ही कथा बंबल बीची आहे. 1934 मध्ये आंत्वान मान्यां या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पुस्तकात तसं विधान आलं होतं. ते गणित विमानासारखे स्थिर पंख धरून केलेलं होतं. माशी पंख सेकंदाला शेकडो वेळा फिरवते आणि मुरडते, त्यातून वर उचलणारे भोवरे तयार होतात. तिचं उडणं विज्ञानात व्यवस्थित बसतं.

घराच्या लाकडात भोक पाडलं तर?

रॉकेल ओतणं, भोकात कीटकनाशक मारणं, बॅट घेऊन मागे लागणं, हे सगळं टाळता येतं. एखाददुसऱ्या भोकाने वासा पडत नाही. एकाच लाकडात वर्षानुवर्षं नवी भोकं पडत राहिली तर ते कमजोर होऊ शकतं, म्हणून लक्ष ठेवावं. या माश्यांना उघडं, न रंगवलेलं, ऊन-पावसाने जुनं झालेलं लाकूड आवडतं. रंग किंवा वॉर्निश लावलं की त्या सहसा दुसरीकडे जातात. जुनं भोक बुजवायचं असेल तर आधी चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ बघावं. कुणी ये-जा करत नसेल, खाली ताजा भुसा पडत नसेल, तरच बुजवावं. आत मादी आणि पिल्लं असताना बुजवलं तर ती तिथेच मरतात, किंवा मादी शेजारी नवं भोक पाडून बाहेर येते.

घरात शिरली तर दिवा बंद करून खिडकी उघडावी, उजेडाकडे ती आपोआप जाते. भिंतीवर बसली असेल तर वरून ग्लास ठेवावा, खाली पुठ्ठा सरकवावा आणि बाहेर नेऊन सोडावी.

परसात जागा असेल तर वाळलेलं सगळं लाकूड जाळायला काढू नये. एक जाडसर ओंडका कोपऱ्यात राहू द्यावा, किंवा एका बाजूला पेर बंद असलेले बांबूचे तुकडे जुडी करून सावलीत, पाऊस लागणार नाही असे आडवे बांधावेत. वांगी, टोमॅटो किंवा शेवगा फुलावर असताना फवारणी करायचीच झाली तर दिवसा नको, संध्याकाळी उशिरा करावी. दिवसभर या माश्या त्याच फुलांवर असतात.